बैलाची खांदेमळणी होते, माणसाची कोण करणार?

वाचकहो, आम्ही कंधारकडील माणसे. बालाघाटाच्या डोंगरात, मन्याडच्या पाण्यावर आमचा संसार. लाल कंधारी बैलाच्या जिवावर आम्ही जगतो आणि ते विसरत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्यास तूप-हळद चोळून खांदेमळणी करतो. पोळ्यास त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. ही समजूत घेऊन आम्ही माथेरान पाहावयास गेलो. तेथे जे पाहिले ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील गिरिस्थान, सुमारे ८०० मीटर उंच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तेथे चढले व त्यांनी डोंगर 'शोधला', असे पुस्तके सांगतात. त्या रानात आधीपासून वावरणारे ठाकर-कातकरी पुस्तकांस दिसले नाहीत! १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मोटारींस तेथे बंदी. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. झाडी राहिली, हवा स्वच्छ राहिली. हे चांगलेच झाले. पण मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे झाले काय? मोटारीचे ओझे कोणाच्या अंगावर पडले, हे पाहणे कोणास सुचले नाही.

आम्ही पाहिले ते असे. गॅसच्या टाक्या, धान्याची पोती, पाहुण्यांच्या पेट्या घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर चढत होत्या. खालच्या वाड्यांतील आदिवासी बाया पायवाटेने वर येऊन पाहुण्यांच्या खोल्या झाडीत व सांजेस उतरत. आणि तांबड्या मातीच्या चढावर हातरिक्षा चालल्या होत्या: आत एक धडधाकट माणूस बसलेला, पुढे एक ओढणारा, मागे दोघे ढकलणारे.

आमच्या मंडळीत गुडघ्यांनी अधू अशी एक म्हातारी होती. तिला आम्हीच रिक्षेत बसविले; ते लपविण्यात अर्थ नाही. पाव कोस गेलो असू नसू, तोच म्हातारी म्हणाली, "थांबा रे बाबा, उतरू द्या मला. ह्या लेकराच्या छातीचा भाता माझ्या कानात वाजतोय." ओढणारा थांबला, घाम पुसून म्हणाला, "आजी, बसून राहा. तुम्ही उतरलात तर आमची मजुरी बुडेल." म्हातारी उतरली, रिक्षेस धरून लंगडत चालली, भाडे आम्ही पुरते दिले. पण वाचकहो, त्याचे म्हणणे खोटे होते काय? म्हातारीची दया खरी, त्याची भूकही खरी. एका म्हातारीच्या उतरण्याने त्याच्या घरची चूल रोज पेटणार नाही.

ह्याच भुकेचा आधार घेऊन कित्येक शहाणे म्हणत आले, "रिक्षा बंद केल्या तर बिचारे खातील काय?" आम्ही विचारतो, हा कळवळा एवढी वर्षे कोठे होता? ज्यास दुसरे काम दिले नाही, तो हेच काम राजीखुशीने करतो, हे म्हणणे म्हणजे वेठीस मखमलीची झूल घालणे होय. दुसरे म्हणतात, डोंगराची शांतता मोडेल. शांतता आम्हांसही हवी. पण ती माणसाच्या फासळ्यांवर उभी असेल तर तिला शांतता कोण म्हणेल?

अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम दिला. १९८० सालीच याच न्यायालयाने पंजाबातील सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा विचार मांडला होता. त्यानंतर ४५ वर्षे माणूस माणसास ओढीतच राहिला! न्यायालयाने एवढेच म्हटले नाही. खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांस विजेवरील रिक्षा भाड्याने देण्याची योजना राज्याने करावी, उरलेल्यांत आदिवासी बायांचाही विचार व्हावा, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

आमचा सारा भर ह्या शेवटल्या भागावर आहे. बंदी घालणे सोपे, भाकर देणे अवघड. रिक्षा जाईल आणि नवी गाडी एखाद्या भांडवलवाल्याच्या हाती पडेल, तर ओढणारा जुवातून सुटून उपासात पडला, एवढेच होईल. म्हणून आमचे मागणे साधे आहे. खऱ्या ओढणाऱ्यांची यादी भर चौकात वाचून दाखवावी. गाडी त्याच्याच हाती राहावी. मध्ये ठेकेदार नको. आणि घोडेवाल्याच्या पोटाचाही विचार त्याच बैठकीत व्हावा. घोडेवाला व रिक्षावाला दोघेही गरीब. त्यांस एकमेकांवर सोडून तिसऱ्याने लोणी खाऊ नये.

ह्याच माथेरानात १९१२ साली नाभिकाच्या घरी भाई कोतवाल जन्मले. वकील होऊनही त्यांनी डोंगरातील गरिबांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवला. दया करून ते थांबले नाहीत. कोठीत धान्य भरले. त्यांच्या गावास एवढे तरी शोभावे.

आणि आपण, जे चार पैसे गाठीस आले म्हणून डोंगरावर हवा खाण्यास जातो, त्यांनीही ध्यानात धरावे. आपला बाप कालपर्यंत कोणाचे ना कोणाचे ओझे वाहत होता. आपण गादीवर बसलो म्हणून जू नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या मानेवर जाते.