घरची कचेरी आणि भरवशाची तार

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि अनेकांची कचेरी पाहता पाहता घरात आली. त्याच महिन्यात दूरसंचार खात्याने अशा कामावरील जुनी बंधने सैल केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अटही काढून टाकली. साथ ओसरली, पण घरून काम करण्याची पद्धत सर्वस्वी गेली नाही. सरकारने मुभा दिली, नोकरदारांनी ती स्वीकारली. ज्या तारेवर हा व्यवहार चालतो, तिच्या मालकांनी मात्र ग्राहकाला अजून करमणुकीचे गिऱ्हाईकच मानले आहे.

जाहिरातींतील वेगाचे आकडे पाहिले की हे ध्यानात येते. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेण्यात आला, पण तोही माहिती उतरवून घेण्याचा वेग. चित्रपट पाहणाऱ्याला तेवढे पुरते. ज्याला हिशेबाच्या फायली पाठवायच्या आहेत किंवा पडद्यावरून वर्ग घ्यायचा आहे, त्याला माहिती वर चढविण्याचा वेगही हवा. वास्तविक नुसत्या संभाषणाला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास पुरतात. म्हणजे दुखणे वेगापेक्षा भरवशाचे आहे.

भरवसा का नाही, हे कोणत्याही वसाहतीत मान वर करून पाहिले तरी कळते. विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून तारांची जळमटे लोंबत असतात. पहिल्याच वादळी पावसात त्यांतली एखादी तुटते. जमिनीखालची तार रस्ता खोदणारा तोडतो. खोदण्यापूर्वी तारांच्या मालकांना कळविता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने एक ॲप सुरू केले, पण कुदळ मारणाऱ्या मुकादमाच्या हाती ते किती वेळा असते? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला, तेव्हा वीज आणि मोबाईल ही दोन्ही एकदमच गेली आणि कित्येक गावे दिवसचे दिवस जगापासून तुटली.

विजेचा हा संबंध महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी घरातले दिवे गेले तरी चालत असे, कारण त्याची वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून येई. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातली पेटी बंद पडली की सगळेच बंद. जोडणी देतानाच दोन-तीन तास चालणारी लहान बॅटरी माफक भाड्याने देणे कंपन्यांना जड नाही. भारनियमनाच्या गावात तर ती जोडणीचाच भाग असायला हवी.

भरपाईचा नियम आता झाला आहे, हे खरे. नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हाभर सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिल्यास भाड्यात सूट द्यावी लागते. घरच्या तारेचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तरीही सूट मिळते. पण महिना सहाशे रुपये भाडे असेल, तर दिवसाला वीस रुपये सुटतात. रोजाने टंकलेखन वा भाषांतर करणाऱ्याची त्या दिवसाची कमाई कोण देणार? तक्रार कंपनीकडे आणि अपील कंपनीनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अशी सोय आहे. प्राधिकरण एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचे दार या तक्रारींसाठी खुले असल्याचे स्पष्ट केले. तथापि वीस रुपयांसाठी ते कोण ठोठावील?

कंपन्यांची बाजूच नाही, असे नव्हे. इथले दर जगातील बऱ्याच देशांच्या मानाने कमी आहेत आणि खोदाईच्या परवानग्या मिळविताना त्यांचीही दमछाक होते. परंतु बिघाड कुठे आहे आणि माणूस किती वाजता येईल, हे ग्राहकाला खरे सांगण्यास परवानगी लागत नाही. ‘काम चालू आहे’ हा ठराविक निरोप तीन दिवस येत राहतो, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. शिवाय मोठ्या कंपन्या तार आणि मोबाईल या दोन्ही सेवा विकतात. घरची तार तुटल्याची नोंद होताच त्याच ग्राहकाच्या मोबाईलवर दुरुस्ती होईपर्यंतचा डेटा विनामूल्य जमा करणे त्यांना आजही शक्य आहे, आणि त्यासाठी नवे खांब रोवावे लागत नाहीत.