इंजिनिअरिंग कॉलेजात ‘आउटकम’ आले, पण तासाला बदललं काय?

ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस किंवा शेअर रिक्षा पकडायची. कापूरबावडीची कोंडी, मग मानपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली. कल्याण-डोंबिवलीहून घोडबंदर रोडवर इंजिनिअरिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा हा रोजचा रस्ता. याच पट्ट्यात कावेसरला न्यू होरायझन आणि कासारवडवलीला ए. पी. शाह ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत. मेट्रो ४ चं काम, गुजरातकडे जाणारे ट्रेलर आणि गायमुख घाटातली दुरुस्ती यांचा हिशेब धरूनच घरून निघावं लागतं.

एवढा प्रवास करून वर्गात बसल्यावर पीपीटी वहीत उतरवायची असेल, तर ते काम घरी यूट्यूब लावूनही होतं. पण हजेरी ७५ टक्के लागते, त्यामुळे यावं तर लागतंच. मग प्रश्न असा की वर्गातल्या त्या एका तासात नेमकं काय व्हायला हवं?

‘आउटकम बेस्ड’ म्हणजे काय?

कागदावर याचं उत्तर तयार आहे. जून २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कराराचा कायम सदस्य झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानायच्या, असा हा करार. त्यासाठी आपल्याकडच्या एनबीए या मूल्यांकन संस्थेने ‘आउटकम बेस्ड एज्युकेशन’ची पद्धत लावली. शिक्षकाने काय शिकवलं याऐवजी विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं, ते मोजायचं.

म्हणजे ‘डेटा स्ट्रक्चरचे प्रकार शिकवले’ एवढं लिहून भागत नाही. ‘दिलेल्या समस्येसाठी योग्य डेटा स्ट्रक्चर निवडता येतं’ असं लिहावं लागतं. त्यामागे आहे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची १९५६ ची मांडणी. २००१ मध्ये सुधारलेल्या तिच्या रूपात सहा पायऱ्या आहेत: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, पारखणं आणि नवं घडवणं.

इथे पालकांचा एक मोठा गैरसमज होतो. ‘एनबीए मान्यता’ संपूर्ण कॉलेजला नसते, एकेका कोर्सला असते. शिवाय वॉशिंग्टन अकॉर्डचा फायदा फक्त ‘टियर-१’ मान्यतेच्या कोर्सना मिळतो, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या कोर्सना. ‘टियर-२’ मान्यता असेल तर ती पदवी या करारात येत नाही. प्रवेशाच्या जाहिरातीत हा फरक सहसा ठळक छापलेला नसतो.

मग अडतं कुठे?

प्रश्नपत्रिकेत. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात थिअरीच्या १०० पैकी ८० गुण सत्राच्या शेवटच्या पेपरला होते. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले की पास होता येतं, हे प्रत्येक सीनियर ज्युनियरला सांगतो. अशा पेपरमध्ये सहापैकी पहिल्या दोन-तीन पायऱ्याच तपासल्या जातात. वरच्या पायऱ्यांचं काय? त्या शिक्षकाच्या एक्सेल शीटमध्ये राहतात. कोणता आउटकम कोणत्या उद्दिष्टाशी किती जुळतो, याला १, २, ३ असे आकडे द्यायचे आणि फाइल तयार ठेवायची. त्या फायलीवर जाणारा वेळ वर्गाच्या तयारीतून कापला जातो. राज्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही तक्रार ऐकू येईल.

संशोधन काय सांगतं?

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट निघाली.

यासाठी महागडी लॅब लागत नाही. घोडबंदर रोडपासून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटी मुंबईत, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या भल्यामोठ्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ वापरून पाहिलं गेलं. आधी प्रश्नावर एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्या वर्गासमोर. २०१३ च्या त्या अभ्यासात या वेळात सरासरी ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले दिसले. खर्च शून्य. आयआयटीची मुलं वेगळी, हा आक्षेप रास्त आहे. पण शेजाऱ्याशी बोलायला जेईईचा रँक लागत नाही.

अडचण दुसरीच आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात अशा वर्गातल्या मुलांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण ‘आपण कमी शिकलो’ असंच त्यांना वाटत होतं. सफाईदार लेक्चर ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, तर स्वतः धडपडताना आपलं अज्ञान दिसतं. त्यामुळे प्रश्न विचारत बसणाऱ्या शिक्षकाबद्दल ‘सर काही शिकवतच नाहीत’ असा फीडबॅक जातो, आणि तो फीडबॅक शिक्षकाच्या मूल्यमापनात धरला जातो.

रस्त्यालाच प्रयोगशाळा केलं तर?

२०१९ च्याच अभ्यासक्रमात मिनी प्रोजेक्ट आहे. तीन-चार जणांच्या गटाने आसपासची गरज शोधायची, तिचं समस्येत रूपांतर करायचं आणि लॉगबुक ठेवायचं, अशी त्याची अपेक्षा. प्रत्यक्षात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आणि टेलिग्राम चॅनेल राजरोस चालतात.

खरं तर घोडबंदर रोडवर समस्या शोधत फिरायचीही गरज नाही. सिव्हिलच्या गटाने कापूरबावडीला तासभर उभं राहून ट्रक, बस, रिक्षा, दुचाकी मोजाव्यात आणि कारच्या मापात आणून रस्त्याच्या क्षमतेशी ताडून पाहाव्यात. कॉम्प्युटरच्या गटाने त्याच आकड्यांवर सिग्नलच्या वेळांचं सिम्युलेशन करावं. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळण्यावरून इथे रहिवाशांचा आणि यंत्रणांचा वाद झाला. त्यात कोणाचं गणित बरोबर, हे तपासणं म्हणजे ब्लूमच्या पाचव्या पायरीवरचं काम. त्याचं उत्तर गेल्या वर्षीच्या पेपरमध्ये सापडणार नाही आणि विकतही मिळणार नाही.

२०२४-२५ पासून विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू केला. त्यात कौशल्याच्या विषयांना आणि समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना जागा आहे. हे प्रकल्प रस्त्यावर होतील की फायलीत, हे गुण कशाला मिळतात त्यावर ठरेल.

कॅप राउंडमध्ये कॉलेज बघायला गेल्यावर प्लेसमेंटचा आकडा सगळेच विचारतात. त्यासोबत हव्या त्या कोर्सची मान्यता टियर-१ आहे की टियर-२, हे विचारा आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मिनी प्रोजेक्टचं लॉगबुक बघायला मागा. त्यातल्या तारखा आणि खाडाखोड नीट पाहा. सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच दिवशी लिहिलेल्या असतील तर ते लगेच कळतं.