खिळखिळे इंजिन आणि थोडी ढील

शिलाई मशीन, सायकल, मिक्सर यांच्या दुरुस्तीबद्दल आम्ही या सदरात लिहीत असतो. आजचा विषय थोडा शौकाचा वाटेल. वाफेच्या इंजिनाचे छोटे मॉडेल आणि त्याच्या चाकांवरचे ढिले झालेले दांडे. पण ज्यांच्या घरात कोणी रेल्वेच्या वर्कशॉपात घाम गाळला आहे, त्यांना तो परका वाटू नये.

हा शौक इंग्लंडमध्ये चांगला रुजलेला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले, १९२० पासून चावीच्या आगगाड्या काढल्या. पुढे १९३८ मध्ये त्यांच्या कंपनीने 'डब्लो' ही लहान मापाची मालिका आणली. त्या देशात आजही हेच माप घरोघरी दिसते. इंजिन खऱ्याच्या ७६व्या हिश्शाएवढे आणि दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर.

आमच्या वस्तीतले एक काका वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांची लेक इंग्लंडमध्ये असते. गेल्या वर्षी तिने बाबांसाठी तिथल्या जुन्या बाजारातून असे एक इंजिन आणले. ते अर्धे चाक फिरे, गुरगुरे आणि थांबे. शहरातल्या एका दुकानदाराने बघितल्या न बघितल्यासारखे केले आणि सांगितले, ''मोटर गेली, टाकून द्या.'' काका ८० च्या पुढचे, हात कापतात, डोळ्यांना बारीक दिसत नाही. ते नातवाला एवढेच म्हणाले, ''मोटर गेलेली नाही. आवाज ऐक, ती ढकलते आहे. अडवतंय दुसरंच काही तरी.''

ते बरोबर होते, आणि का, ते समजून घेण्यासारखे आहे. खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला रेटते, दट्ट्या मोठ्या दांड्याला आणि दांडा चाकाला. मॉडेलमध्ये सारे उलट. मोटर दातेरी स्क्रूने एक आस फिरवते, चाक दांड्यांना ओढत नेते आणि दट्ट्या नुसता मागे-पुढे होतो. वाफ सोडणाऱ्या झडपा हलवण्याची जी दांड्यांची गुंतागुंत बेल्जियमच्या वालशार्ट्स यांनी १८४४ मध्ये शोधली, ती तर मॉडेलमध्ये शोभेचीच. पण शोभेचा दांडा ढिला झाला की शेजारच्या दांड्यात अडकतो आणि सारी चाके धरून ठेवतो. म्हणजे ढिलेपणाने इथे ताकद कमी होत नाही, गाडी अडकते. तरीही करंट देत राहिले तर मात्र चांगली मोटर खरोखरच जळते.

नातू नववीत आहे. काकांनी त्याला कडा असलेली थाळी घ्यायला लावली, त्यात पांढरे फडके. हे स्क्रू एकदा फरशीवर उडाले की सापडत नाहीत. आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मग मोटर उचलून बाजूला केली, कारण दातेरी स्क्रू गुंतलेला असेपर्यंत चाके हाताने फिरत नाहीत. मोकळी चाके बोटाने हळूहळू फिरवायची आणि नेमकी कुठे अडतात ते पाहायचे.

दोष दोन निघाले. उजवीकडे, चाकावरच्या पिनेला जोडलेला आखूड क्रँक सैल होऊन भलत्या बाजूला कलला होता. मोठी पिन अगदी खाली असताना तो बहुतेक इंजिनांत पुढे, सिलिंडरकडे झुकलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. दुसरा दोष अवघड. मागचे एक चाक आसावर किंचित सरकले होते. डाव्या आणि उजव्या पिनांमध्ये पाव फेऱ्याचा फरक ठेवलेला असतो. खऱ्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात एक बाजू टोकाला येऊन अडली तरी दुसरी जोर लावते, म्हणून. मॉडेलला त्या जोराची गरज नाही, पण प्रत्येक आसावर तो फरक सारखाच हवा, नाही तर जोडदांडा ताणला जातो. एका बाजूच्या सगळ्या पिना सरळ खाली आणल्या, दुसरीकडच्या सगळ्या आडव्या रेषेत येतात का पाहिले, चुकलेले चाक जागेवर वळवले आणि आसाशी चिकटवणाऱ्या द्रवाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब सोडला. इथे घाई नको. थेंब पसरून बेअरिंगमध्ये गेला तर दुरुस्तीच दुखणे होते. रात्रभर इंजिन तसेच ठेवले.

सकाळी नातवाने क्रँक कसायला घेतला आणि जोर लावू लागला. काका ओरडले, ''अरे, थोडी ढील ठेव! ढील नसेल तर फिरेल कसं?'' मग त्यांनी जी युक्ती सांगितली ती आमच्या मते लाखमोलाची. तेलात भिजवलेला पातळ कागदाचा तुकडा दांडा आणि क्रँक यांच्यामध्ये घालायचा, तो धरून क्रँक बसवायचा आणि नंतर कागद फाडून काढायचा. कागदाच्या जाडीएवढी जागा आपोआप उरते. दुकानातल्या कोणत्याही हत्याराने हे माप इतके स्वस्तात मिळणार नाही.

प्रत्येक पिनेला सुईने एकेक थेंब हलके तेल. चाकांच्या कडेला किंवा रुळांना तेल लावू नये, चाके घसरतात आणि करंटही नीट मिळत नाही. काही इंजिनांच्या चाकांवर रबरी कडी असते, ती तेलाने फुगते.

मोटर परत बसवल्यावर इंजिन सरळ धावले. नातू ते उचलायला गेला, तर काकांनी त्याचा हात धरला. ''आधी मागे चालव. पुढे जाताना लपलेला दोष मागे जाताना सापडतो.'' मागेही ते गेले, पलंगाच्या पायापर्यंत, आणि काका तोवर डोळे मिटून आवाज ऐकत होते.