राउटरलाही वारा हवा

परीक्षेचा अर्ज भरता भरता इंटरनेट बंद पडले, की घरोघरी पहिला उद्धार होतो तो कंपनीचा आणि दुसरा राउटरचा. 'जुना झाला, नवा आणा' असा निकालही लगेच लागतो. पण त्या पेटीची बाजू कोणी ऐकून घेतो काय? माझ्या मते पुष्कळदा दोष यंत्राचा नसून आपण त्याला दिलेल्या जागेचा असतो.

आपल्याकडचे दिवाणखाने पाहा. राउटर शोकेसमध्ये, काचेआड, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर. आणि वरून क्रोशाचा रुमाल! शोभा झाली खरी, पण पेटीचा जीव गुदमरला. घरगुती राउटरला सहसा पंखा नसतो. १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा राउटर फार तर १२ वॅट वीज घेतो. पण रात्रंदिवस घेतो, आणि त्या विजेची अखेर जवळजवळ सारी उष्णताच होते. ती बाहेर नेण्याचे काम हवेचे. गरम हवा वरच्या छिद्रांतून निघून जावी, खालून थंड हवा आत यावी, एवढीच काय ती योजना. नेमकी तीच वाट आपण बुजवतो.

"बेळगावची हवा थंड, इथे कसला ताप?" असे कोणी म्हणेल. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनविलेले असतात, हे खरे. पण ही हवा गावाची नव्हे, राउटरभोवतालची. बंद कपाटात उन्हाळा बाराही महिने असतो. प्रोसेसर फार तापला की वेग मंदावतो, संपर्क तुटतो, कधी यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तर दर १० अंश वाढीमागे सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

उपाय बिनखर्ची आहे. राउटर मोकळ्या जागी, उन्हापासून दूर ठेवावा. सोय असल्यास भिंतीवर टांगावा. बंद करून कोरड्या ब्रशने छिद्रांतील धूळ काढावी. ओले फडके वा बर्फ लावण्याचा अतिशहाणपणा करू नये. हाताला कोमट लागणे हा आजार नव्हे. एवढे करूनही संपर्क तुटत राहिला, तर अ‍ॅडॅप्टर तपासावा आणि मग कंपनीकडे तक्रार करावी.

देखणेपणाच्या हौसेपायी पेट्या चिमुकल्या आणि छिद्रे अपुरी ठेवणारे कारखानदार निर्दोष आहेत, असे मी म्हणत नाही. परंतु नवा राउटर आणून त्याच शोकेसमध्ये कोंडला, तर त्याचीही तीच गत होणार, आणि भंगारात एका पेटीची भर पडणार. वहन, अभिसरण, प्रारण यांच्या व्याख्या पाठ करून आपण गुण मिळवितो. ते अभिसरण घरच्या कपाटापर्यंत पोचत नसेल, तर त्या गुणांचे मोल काय?