निळ्या ताडपत्रीखालची मुले आणि दूरदेशीची देणगी

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा सिंगापुरात स्थायिक झालेले परिचित सुटीत बंगळूरला आले की एक प्रश्न हमखास विचारतात. आम्ही दहा-बारा जण मिळून दरवर्षी थोडे पैसे जमवतो, एखाद्या गरीब वस्तीतील मुलांच्या शाळेसाठी द्यायचे आहेत, कुठे द्यावेत? प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र तितके सरळ नाही. प्रशासनात उभी हयात गेलेल्या माणसाने या प्रश्नावर नुसता एक पत्ता लिहून देऊन मोकळे होणे मला पटत नाही, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

अशा प्रयत्नांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'आशा फॉर एज्युकेशन'. संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव या तिघांनी १९९१ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ती सुरू केली. पुढे अमेरिकेतील अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या, भारतातही निघाल्या, बंगळूरही त्यात आले. काम सगळे स्वयंसेवकांचे. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ही मंडळी भारतातून आलेले अर्ज वाचतात, शंका विचारतात, हिशेब मागतात, आणि सुटीत घरी आली की वाट वाकडी करून ती शाळा प्रत्यक्ष पाहून जातात. मॅरेथॉन धावायचे प्रशिक्षण द्यायचे आणि धावणाऱ्याने आपल्या ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या, ही त्यांची पैसे उभे करण्याची एक रीत. संदीप पांडे यांना २००२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशातल्या त्या बैठकीत ज्या 'दूरच्या गरीब वस्ती'विषयी चर्चा होते, ती वस्ती म्हणजे आपल्या घरामागची गल्ली असते, ही गोष्ट मला नेहमीच विचार करायला लावते.

बंगळूरमध्ये ती वस्ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता, बेळ्ळंदूर या भागांत काचेच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या भूखंडांवर निळ्या ताडपत्रीची छपरे दिसतात. स्थानिक भाषेत त्यांना 'शेड' म्हणतात. कलबुर्गी, यादगीर, रायचूर येथून आलेली कुटुंबे तिथे आहेत, तशीच बंगाल, ओडिशा, बिहार, झारखंड येथून आलेलीही आहेत. नवरा-बायको दोघेही बांधकामावर जातात. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. एक इमारत पुरी झाली की मुकादम सगळ्यांना दुसऱ्या भूखंडावर हलवतो.

या मुलांची शाळेची फी भरावी, असे देणगीदाराला सहज सुचते. पण फी कसली? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण १ एप्रिल २०१० पासून कायद्याने मोफत आहे. कर्नाटकातील सरकारी शाळेत पाठ्यपुस्तके मिळतात, गणवेश मिळतो, 'अक्षर दासोह' योजनेतून दुपारचे जेवण मिळते, 'क्षीरभाग्य' योजनेतून २०१३ पासून दूधही मिळते. तरीही मूल शाळेत नसते. कारणे वेगळी असतात. धाकट्या भावंडाला कुठे ठेवायचे? सहापदरी रस्ता कोणी ओलांडून द्यायचा? मालदा जिल्ह्यातून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कन्नड येत नाही, त्याला कोणत्या वर्गात बसवायचे? दीड वर्ष शाळेबाहेर राहिलेली मुलगी एकदम चौथीत कशी रुळणार?

या चार प्रश्नांना चार सोपी, पण पैसा लागणारी उत्तरे आहेत. वस्तीवर पाळणाघर, मुलांना नेणारी-आणणारी एक गाडी, दोन भाषा जाणणारी एक शिक्षिका, आणि शाळेत जाण्यापूर्वी काही महिन्यांचा तयारीचा वर्ग. यांपैकी एकही गोष्ट 'फी' या सदरात बसत नाही. वीस मुलांची इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत फी भरली, तर वीस छायाचित्रे मिळतात आणि देणगीदार सुखावतो. पण पुढच्या वर्षी शेड दहा किलोमीटरवर हलली की त्या वीसांपैकी किती जण त्याच शाळेत राहतील? त्याच पैशात एक शिक्षिका आणि एक गाडी चालवली, तर शेडबरोबर तीही हलू शकते. खासगी शाळेची फी भरणे हा या वस्तीसाठी पैशाचा सर्वांत वाईट उपयोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे करून आपण सरकारी शाळेला तिच्या कर्तव्यातून मोकळे करतो, हे वेगळेच.

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत हा अनुभव आपण घेतलेला आहे. आधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. नंतर मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. तिथे निदान हंगाम ठरलेला असतो, दिवाळीच्या सुमारास जाणे आणि उन्हाळ्यात परतणे. बांधकामाला तसा हंगाम नाही. त्यामुळे बीड जिल्ह्यातला उपाय जसाच्या तसा बेळ्ळंदूरला लागू पडत नाही.

आता कायद्याची बाजू. शिक्षणहक्क कायद्यात स्थलांतरित मुलासाठी जेवढे हवे तेवढे जवळजवळ सगळे लिहिलेले आहे. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा आणि मागे पडलेल्यास विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जो मुख्याध्यापक दाखला द्यायला विलंब लावेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हे कलम ५ मध्ये आहे. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यायचा, मुदत उलटून गेली तरी द्यायचा, ही कलमे १४ आणि १५. असे असूनही शाळेच्या दारात आईला पहिला प्रश्न दाखल्याचाच विचारला जातो. मुख्याध्यापक दुष्ट असतात असे नाही. विद्यार्थ्याची नोंद संगणकावर करावी लागते, जुन्या शाळेतून नाव कमी झाल्याशिवाय नवी नोंद अडते, आणि पाचशे किलोमीटरवरच्या शाळेला फोन करणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नाही. तो फोन करणारा, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात आईबरोबर जाऊन बसणारा आणि कलम ५ ची प्रत खिशात बाळगणारा एक माणूस उभा करणे हे स्वयंसेवी संस्थेचे सर्वांत मोलाचे काम. ते छायाचित्रात येत नाही, एवढाच त्याचा दोष.

पत्त्याचा प्रश्न याहून बिकट आहे. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथील झोपड्या, तिथे बांगलादेशी राहतात असा गवगवा झाल्यावर पाडण्यात आल्या. प्रत्यक्षात तिथे उत्तर कर्नाटकातील आणि इतर राज्यांतील मजूर राहत होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली. पण पाडलेली झोपडी स्थगितीने उभी राहत नाही, आणि तिथून शाळेत जाणारे मूल दुसऱ्या दिवशी कुठल्या पत्त्यावरून जाणार होते?

आणखी एका पैशाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९९६ च्या कायद्यांपासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. त्यातून मुलांच्या शिक्षणालाही साहाय्य देता येते. म्हणजे ज्या इमारतीत सदनिका घेतली, तिच्या किमतीतून ती बांधणाऱ्याच्या मुलासाठी काही रक्कम आधीच बाजूला निघालेली आहे. मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला आणि त्यातील सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. कामगाराची नोंदणी व्हायला मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादम तो देत नाही, कारण दिला तर त्याच्या माथी इतर जबाबदाऱ्या येतात. इकडे हजारो कोटी पडून आणि तिकडे कॅलिफोर्नियात कोणीतरी बेचाळीस किलोमीटर धावून त्याच मुलासाठी पैसे जमवतो आहे! धावणाऱ्याविषयी मला आदर आहे. पण त्याने पाठवलेल्या पैशातील थोडा भाग वस्तीतल्या शंभर आई-बापांची मंडळाकडे नोंदणी करून देणाऱ्या कार्यकर्त्यावर खर्च झाला, तर एक रुपया अनेक रुपये ओढून आणील.

मात्र ते पैसे येथे पोहोचवणे आता सोपे राहिलेले नाही. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था परदेशी देणगी घेऊन ती नोंदणी असलेल्या दुसऱ्या लहान संस्थेकडे वळती करू शकत असे. आता तसे हस्तांतरण पूर्ण बंद आहे. परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. नियमित नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि तिने त्या तीन वर्षांत किमान पंधरा लाख रुपये आपल्या कामावर खर्च केलेले हवेत. एका शेडवर वर्ग चालवणाऱ्या चार बायकांच्या संस्थेने पंधरा लाख कुठून आणायचे? सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी, न्या. खानविलकर यांच्या पीठाने दिलेल्या निकालात, या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी देणगी मिळणे हा कोणाचा निरपवाद हक्क नव्हे, ही न्यायालयाची भूमिका.

कायदा वैध आहे, तेव्हा तो पाळायचा, यात वाद नाही. परकीय पैशावर राज्याची नजर हवी, हेही मी मान्य करतो. पैशाचे गैरव्यवहार झालेले आहेत. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. दोनशे कोटी घेणारी संस्था आणि दोन लाख घेणारी संस्था यांना एकच कागदपत्र, एकच खाते, एकच वार्षिक विवरण. महसूल खात्यात आम्ही अल्पभूधारक आणि मोठा बागायतदार यांत फरक करतो. इथे तो का करू नये? ठरावीक रकमेखालील देणग्यांसाठी साधी सूचना पुरेशी मानता येईल, आणि नोंदणीकृत संस्थेला आपल्या देखरेखीखाली लहान गटांमार्फत काम करून घेण्याची मुभा देता येईल. नजर तशीच राहील, फक्त ती जिथे धोका आहे तिथे वळेल.

परदेशस्थ वाचकांना यात एक व्यावहारिक मुद्दा उपयोगी पडेल. दोन सख्खे भाऊ न्यू जर्सीत राहतात. एकाकडे अजून भारतीय पारपत्र आहे, दुसऱ्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. पहिल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी 'परदेशी' धरली जात नाही. दुसऱ्याची, तो ओसीआय कार्डधारक असला तरी, परदेशी ठरते. दोघांनी एकत्र धनादेश पाठवला की संस्था अडचणीत येते. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी त्याच्या गटात कोणाचे पारपत्र कुठले, हे विचारतो. मग शिक्षणाचे बोलतो.

'आमचा पैन् पैसा मुलांपर्यंत पोहोचतो' हे वाक्यही अलीकडे फार ऐकू येते. स्वयंसेवक पगार घेत नाहीत हे त्यांचे मोठेपण. पण तोच नियम वस्तीवरच्या शिक्षिकेला लावला जातो, तेव्हा तिला 'मानधन' नावाची एक लाजिरवाणी रक्कम मिळते. ती सहा महिन्यांनी शॉपिंग मॉलमध्ये नोकरी धरते आणि वर्ग बंद पडतो. कायद्याच्या नियमांतसुद्धा शाळेतील शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरलेला नाही. देणगीदारांनी सरकारपेक्षा कठोर होण्याचे कारण नाही. हिशेबनिसालाही पैसे द्यावे लागतात.

आपल्याकडे वार लावून जेवण्याची पद्धत होती. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवे. त्यातून मोठी माणसे घडली, पण कोणाच्या घरी ताटात काय पडले आणि कोणत्या नजरेने पडले, हे अनेकांनी जन्मभर लक्षात ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हा मार्ग घातला, त्यामागे मुलाने कोणाच्या उपकाराखाली शिकू नये हा विचार होता. वर्षाला एक आभारपत्र आणि एक छायाचित्र मागणारी 'एक मूल दत्तक' ही योजना मला त्या वारांचीच आठवण करून देते. पत्र लिहायचेच असेल तर शिक्षिकेने लिहावे. किती मुले नियमित शाळेत गेली, किती सोडून गेली आणि कुठे गेली, एवढे पुरे.

शेवटी तारखांचे. कर्नाटकात शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात. दाखले, जातीचे प्रमाणपत्र, बँक खाते ही कामे एप्रिलमध्येच हाती घ्यावी लागतात, आणि नेमके तेव्हाच बरीच कुटुंबे जत्रेला, लग्नाला गावी जातात. गावी गेलेल्या आईने परतताना जुन्या शाळेतून दाखला आणला तर अर्धे काम होते. तिला त्यासाठी एक दिवस जास्त थांबावे लागते, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. ती मजुरी आणि बसचे भाडे देण्याची तरतूद तुमच्या गटाच्या अंदाजपत्रकात असेल, तर पैसे मार्चअखेर पोहोचतील असे पाहा. नाताळच्या सुटीत जमवून जुलैत पाठवलेले पैसे त्या वर्षीच्या प्रवेशांसाठी उपयोगी पडत नाहीत.