गोंगाटातली तालीम

आमच्या बाळापुरात महामार्गालगतच्या घरांतल्या मुलांची एक तक्रार नेहमीची असते: "सर, आवाजात लक्षच लागत नाही." मग अम्मी टीव्ही बंद करते, धाकट्यांना बाहेर पिटाळते. यात चूक काही नाही. पण परीक्षेच्या दिवशी बाहेरचं जग कोण गप्प करणार?

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी दहावीच्या गणिताच्या पेपरातून रडत बाहेर आली. केंद्राबाहेरून वरातीचा बँड गेला आणि येत असलेली दोन गणितं तिच्या हातून सुटली. चूक माझीही होती. वर्षभर मी तिला फक्त शांततेत सराव दिला होता.

पारस स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांचे चालक आठवा. रेल्वे त्यांना सिम्युलेटरवरही शिकवते. इंजिनासारखी केबिन असते, समोर पडद्यावर रूळ धावत असतात. प्रशिक्षक मध्येच धुकं आणतो, पाऊस पाडतो, सिग्नल लाल करतो. चुकलं तरी कोणाचा जीव जात नाही आणि तोच प्रसंग पुन्हा घेता येतो. अमेरिकेत एडविन लिंक यांनी 1929 मध्ये जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र बनवलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

घरी एवढं मोठं यंत्र नको, एक मोबाइल पुरे. नवा धडा शांततेतच शिकवा. तो पक्का झाला की आठवडी बाजाराचा व्हिडिओ हळू आवाजात लावून पाच गणितं द्या. काही दिवसांनी आवाज वाढवा, मग मध्येच फोनची घंटी वाजवा. एका वेळी एकच अडथळा असावा. मोबाइल मात्र अब्बा-अम्मीच्या हातात राहावा, मुलाच्या नाही.

लक्ष उडालं तर रागावू नका. इंजिनातले दोघे चालक प्रत्येक सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात, म्हणजे नजर चुकत नाही. मुलालाही ओळीवर बोट ठेवून प्रश्न पुन्हा पुटपुटायला सांगा. मन लवकर ठिकाणावर येतं.

यंदा वर्गात आम्ही हेच करतो. पहिल्या दिवशी मुलं व्हिडिओ बघून हसत बसली. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांनी मान वर केली नाही. त्या मुलीचा धाकटा भाऊ याच वर्गात आहे. त्याच्या पेपराला बँड वाजला तरी त्याची गणितं सुटू नयेत, एवढीच दुआ आहे.