चार हजार फॉन्ट आणि एक दमलेला कॉम्प्युटर

तुमच्या घरातला कॉम्प्युटर कधी रुसलाय का? बटण दाबून आपण आंघोळ उरकून यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे! मग घरातला प्रत्येक जण आपापलं निदान सांगतो. बाबा म्हणतात, "व्हायरस असणार." दादा म्हणतो, "रॅम वाढवा." आई म्हणते, "दिवसभर गेम खेळून तुम्हीच त्याला दमवलंय." आज मी तुम्हाला असं एक कारण सांगणार आहे, जे सहसा कुणालाच सुचत नाही. ते म्हणजे फॉन्ट. हो, हो, आपण लिहितो ती अक्षरंच!

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे गेलो होतो. भाऊजी घरीच लग्नपत्रिका तयार करून देतात. तुळशीचं लग्न लागलं, की त्यांच्याकडे कामाची झुंबड उडते. आणि नेमका त्याच वेळी त्यांचा कॉम्प्युटर आडवा झालेला! सुरू व्हायला आठ-दहा मिनिटं. पत्रिकेचा प्रोग्राम उघडला, की फॉन्टची यादी येता येता सगळं जागच्या जागी थिजायचं. दुरुस्तीवाल्यानं तर सरळ सांगून टाकलं होतं, "आता नवीनच घ्या." नवीन घ्यायचा म्हणजे तीस-चाळीस हजारांचा खड्डा, आणि माझ्या नववीतल्या भाचीची सायकल पुढच्या वर्षावर! त्यामुळे या दुखण्यात तिचं अगदी जातीनं लक्ष होतं.

मी तिला म्हटलं, "डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात गं?"

"काय होतंय?"

"आणि मग?"

"कधीपासून होतंय?"

"बस्स. तोच प्रश्न या पेशंटला विचार."

तिनं थोडा विचार केला आणि एकदम म्हणाली, "मामा, गणपतीत बाबांच्या मित्रानं पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात फॉन्टच फॉन्ट होते. बाबांनी सगळे सिलेक्ट केले आणि एकदम इन्स्टॉल करून टाकले. त्याच्यानंतरच हे सुरू झालं."

आम्ही कंट्रोल पॅनेलमधलं ‘फॉन्ट्स’ उघडलं. आकडा पाहिला आणि दोघंही गार! चार हजारांच्या वर फॉन्ट!

फॉन्टमुळे कॉम्प्युटर का दमतो?

जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. जुळारी ते खण्यांतून उचलून ओळी जुळवायचा. आजचा फॉन्ट म्हणजे त्याच खिळ्यांची पेटी, फक्त ती फाइलच्या रूपात असते. तिच्यात अक्षरांची चित्रं नसतात, तर ती कशी काढायची याची कृती असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वळणाची रेघ. म्हणून तर एकच फॉन्ट बारीक अक्षरालाही चालतो आणि मोठ्या फलकालाही. अशा प्रकारचे ‘ट्रूटाइप’ फॉन्ट विंडोजमध्ये आले १९९२ साली, ३.१ या आवृत्तीबरोबर.

आता इंग्रजीत कॅपिटल आणि स्मॉल मिळून बावन्न अक्षरं, वर अंक आणि चिन्हं. आपल्या देवनागरीत मात्र क्ष, ज्ञ, त्र, द्ध, ष्ट अशी जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, रफार! चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये त्यामुळे शेकडो आकार ठेवावे लागतात आणि कोणत्या वेळी कोणता आकार घ्यायचा याचे नियमही.

कॉम्प्युटरला या सगळ्या पेट्यांची नोंद ठेवावी लागते. शाळेच्या ग्रंथालयात बाई पुस्तकांची यादी करतात ना, तशीच. विंडोज अशी माहिती पटकन सापडावी म्हणून वेगळी जपून ठेवतं. तिला ‘फॉन्ट कॅश’ म्हणतात. (हा कॅश म्हणजे रोख पैसे नव्हेत बरं का!) ग्रंथालयात दोनशे पुस्तकं असतील तर यादी झटकन होते. पण कुणी एकदम चार हजार पुस्तकं दारात आणून ओतली, त्यांतली कित्येक दोन-दोनदा, काहींची पानं फाटलेली, तर बाई काय करतील?

शिवाय पत्रिका किंवा चित्रं करण्याचे प्रोग्राम फॉन्टच्या यादीत प्रत्येक नाव त्याच फॉन्टमध्ये लिहून दाखवतात. म्हणजे यादी दाखवायची तर एकेक पेटी उघडून बघणं आलंच. त्यांतली एखादी फाइल बिघडलेली निघाली, की प्रोग्राम तिथेच अडखळतो. विंडोज ९५ आणि ९८मध्ये तर साधारण एक हजार ट्रूटाइप फॉन्ट झाले, की पुढचे बसतच नसत. आता हजारो मावतात. पण मावतात म्हणून भरायचे असं थोडंच आहे?

साफसफाई, पण बेतानं

भाचीनं लगेच माउस हातात घेतला. "सगळे उडवू?"

"थांब! आधी कॉपी."

"कचऱ्याची कॉपी कशाला, मामा?"

"कर म्हणतो ना!"

ती कुरकुरली, पण तिनं सगळे फॉन्ट एका वेगळ्या फोल्डरमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवले. मग भाऊजींना शेजारी बसवून पत्रिकांसाठी खरोखर लागणारे फॉन्ट निवडले. किती निघाले सांगा? चार हजारांतून फक्त ६४! विंडोजचे स्वतःचे फॉन्ट तसेच ठेवले. पडद्यावरच्या सूचना, खिडक्या, मेन्यू त्यांच्यावरच चालतात, त्यामुळे त्यांना हात लावायचा नसतो. बाकीचे काढून टाकले आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. दीड मिनिटात तयार! भाऊजींनी तर टाळीच दिली.

पण पत्रिकेचा प्रोग्राम उघडला आणि तो पुन्हा थिजला. म्हणजे त्या ६४ फॉन्टांतच कुणीतरी बिघडलेला होता. आता ६४ फॉन्ट एकेक करून काढायचे आणि दर वेळी प्रोग्राम उघडून बघायचा? संध्याकाळ गेली असती. इथे गणित मदतीला येतं. आम्ही निम्मे, म्हणजे ३२ फॉन्ट काढले. प्रोग्राम नीट चालला. याचा अर्थ चोर काढलेल्या ३२ मध्ये आहे. त्यांतले १६ परत घातले. पुन्हा थिजला! मग चोर या १६ मध्ये. पुढे ८, मग ४, मग २, मग १. अवघ्या सहा फेऱ्यांत चोर सापडला. फुलाफुलांच्या नक्षीचा एक फॉन्ट होता, त्याची फाइल अर्धवटच कॉपी झालेली. (चोर दोन असतील तर? मग दोन्ही वाट्यांत गडबड दिसेल, आणि दोन्हीकडे हीच युक्ती करावी लागेल.)

शेवटी फॉन्ट कॅशही नव्यानं करून घेतली. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस’ थांबवायची, तिच्या जुन्या फाइली काढायच्या आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, की विंडोज नवी यादी तयार करतं. हे काम मात्र घरातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच करा. चुकीच्या फोल्डरमधलं काही उडालं तर दुखण्यापेक्षा औषध महाग पडायचं!

आणि मग अण्णा आले

आम्ही आपले खुशीत चहा पीत होतो. तेवढ्यात भाचीचे आजोबा, अण्णा, कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. अण्णा प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत: पहिली शाळा, ओढ्याला पूर आला की पलीकडे अडकणारी मुलं, दुष्काळातलं वर्ष. शंभरावर पानं. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी ती २००४ साली टाइप केली. आता नातीच्या वाढदिवसाला त्यांचं छोटं पुस्तक करायचं, असं त्यांच्या मनात होतं.

त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, काहीच्या बाही चिन्हं. मराठीचा एक शब्द नाही.

"अगं, माझं सगळं गेलं," एवढंच ते म्हणाले.

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मीच उडवलं ना, मामा?"

खरं सांगतो दोस्तांनो, चूक माझी होती. कॉम्प्युटर सगळ्या घराचा, आणि मी विचारलं फक्त भाऊजींना! अण्णांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण अण्णांचं लिखाण गेलेलं नव्हतं. झालं होतं असं. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५. पूर्वी मराठीसाठी सोय नव्हती, तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. क्रमांक इंग्रजी अक्षराचेच ठेवायचे, पण त्या पेटीत खिळे मराठीचे घालायचे! म्हणजे कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी लिहिलंय, आणि आपल्याला दिसायचं मराठी. तो फॉन्ट काढला, की मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या लिखाणाला चालत नाही.

भाची ताडकन उठली. "पेन ड्राइव्ह!" तिनं त्यातून अण्णांचा तो जुना फॉन्ट शोधला, परत बसवला, फाइल पुन्हा उघडली. आणि ओढा, शाळा, पूर, सगळं जसंच्या तसं पडद्यावर हजर! अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

कायमचा उपाय

पण असा एकाच फॉन्टवर जीव टांगून ठेवणं बरं नव्हे. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यात जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले आहेत. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५, आणि तो दुसऱ्या कुणाचाही नाही. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी कोणत्याही युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये मराठीच दिसतं. विंडोजमध्ये पूर्वी यासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट असे. तो आपल्या मुंबईच्या र. कृ. जोशी या सुलेखनकारांनी घडवला होता.

जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. आम्ही अण्णांची फाइल तशी बदलली. पण बदलताना थोड्या चुका होतातच. कारण जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी यायची आणि क नंतर, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, जसा उच्चार करतो तशी. रफाराचंही तसंच. म्हणून पुढचे चार दिवस रोज संध्याकाळी अण्णा जुन्या छापील प्रतीवरून मोठ्यानं वाचायचे आणि भाची पडद्यावर तपासायची. तिनं रफार शोधता शोधता अण्णांची सगळी गोष्ट ऐकली. "मामा, अण्णा एकदा पुरात पोहत शाळेत गेले होते, हे मला माहीतच नव्हतं," ती मला फोनवर सांगत होती.

तर काय लक्षात ठेवाल?

१. कॉम्प्युटर मंद झाला, की आधी विचारा: कधीपासून? त्याच्या आधी काय बदललं?

२. फॉन्ट लागतील तेवढेच बसवा. बाकीचे एका फोल्डरमध्ये ठेवले तरी चालतं. नुसती फाइल पडून राहिल्यानं फॉन्टची यादी फुगत नाही.

३. काढण्याआधी कॉपी. आणि घरातल्या सगळ्यांना विचारून!

४. बिघडलेला फॉन्ट शोधायचा तर निम्मे-निम्मे करत जा.

५. मॅक असेल तर ‘फॉन्ट बुक’ उघडा. दुबार आणि बिघडलेले फॉन्ट ते स्वतःच दाखवून देतं.

६. फॉन्ट कमी करूनही फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे असेल. डिस्क भरली आहे का, सुरू होतानाच खूप प्रोग्राम उघडतात का, व्हायरस आहे का, ते पाहा.

आईबाबांनाही दोन शब्द. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेले हजारो ‘फुकट’ फॉन्ट बरेचदा कुणाच्या तरी मेहनतीची चोरी असते, आणि सोबत व्हायरसही येऊ शकतो. खुल्या परवान्याचे सुंदर देवनागरी फॉन्ट सहज मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे त्यांतलेच. तेच वापरा.

आणि या आठवड्याचं तुमचं काम: आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर किती फॉन्ट आहेत ते मोजा. मग आजी-आजोबांना विचारा, त्यांनी किंवा आईबाबांनी पूर्वी मराठीत टाइप केलेलं काही जुन्या फाइलींत पडलंय का? उघडून बघा. ते नुसती चिन्हं होऊन बसलं असेल, तर ज्या फॉन्टमध्ये ते लिहिलं होतं तो शोधा. जुनी सीडी, जुना कॉम्प्युटर, ओळखीचा छापखाना, कुठेतरी सापडेलच. एखादी गोष्ट तुमची वाट बघत असेल.

भाचीच्या सायकलचं काय झालं म्हणता? आली! निळी आहे. आणि भाऊजींच्या पेन ड्राइव्हवर तिनं आता चिठ्ठी चिकटवली आहे: ‘मला विचारल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नये.’

भेटू पुढच्या आठवड्यात!